सगळीकडे एकच बातमी का दिसते? वाचकांचे नेहमीचे प्रश्न आणि डेस्कवरची उत्तरं

अकरा वर्षं मी एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होतो. आता गावोगावच्या वाचनालयांत आणि कॉलेजांत वर्तमानपत्र कसं वाचावं याबद्दल बोलायला जातो. तिथे प्रश्न जवळपास तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली.

चार पेपर घेतले तरी पहिलं पान सारखंच असतं. वरून फोन येतो का?

कधी कधी येतो. पण अकरा वर्षांत तसे फोन मी बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले. रोजचं पान फोनवर लागत नाही. फोन आला की निदान कळतं तरी की कुणाला तरी काहीतरी नको आहे. फोन न येता जे गळतं ते कुणाच्याच लक्षात येत नाही, आणि गळणारं बहुतेक सगळं असंच गळतं.

मग हा सारखेपणा येतो कुठून?

रात्री नऊचा डेस्क डोळ्यांसमोर आणा. डाक आवृत्ती, म्हणजे लांबच्या गावांना जाणारा पेपर, दहाला सोडायची आहे. चार पानं, दोन माणसं. तालुक्याचा बातमीदार पूर्ण पगारी नसतो. त्याला बातमीमागे थोडे पैसे आणि जाहिरातीवर कमिशन मिळतं. दिवसभरात तो तीन कार्यक्रम उरकतो, चौथ्याची प्रेसनोट व्हॉट्सअॅपवर घेतो. तालुक्यातल्या सगळ्या बातमीदारांचा एक ग्रुप असतो. एकाने बातमी लिहून टाकली की बाकीचे पहिलं वाक्य बदलून आपापल्या डेस्कला पाठवतात. यात कुणी कुणाला फसवत नाही, ती एकमेकांना केलेली मदत असते. दुसऱ्याकडे बातमी लागली आणि आपल्याकडे नाही, तर सकाळी संपादकांचा पहिला प्रश्न ‘ती कशी सुटली?’ हाच असतो. आपल्याकडे आहे आणि इतरांकडे नाही, तर ‘नक्की खरी ना?’ असं विचारतात. दोन्ही वेळा सुरक्षित वाट एकच, सगळ्यांबरोबर असणं.

एकदा पाणीपुरवठ्याच्या एका योजनेच्या प्रेसनोटमध्ये ‘लाख’च्या जागी ‘कोटी’ पडलं होतं. दुसऱ्या दिवशी जिल्ह्यातल्या चारही दैनिकांत ती योजना कोटींची झाली. आमच्याही. ते पान मी लावलं होतं. त्या गावात एक फोन केला असता तर चूक सापडली असती, पण तो फोन चौघांपैकी कुणीच केला नाही. चुकीचा आकडा दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. ती योजना कुणाला नको होती आणि का, हे मात्र पुढेही कुणी विचारलं नाही, कारण प्रेसनोटमध्ये ते नव्हतं.

राज्याबाहेरच्या बातम्यांचंही असंच. त्या एक-दोन वृत्तसंस्थांकडून येतात. वृत्तसंस्थेच्या बातमीदाराने ज्या तिघांशी बोलायचं ठरवलं, ते तिघेच देशभराच्या पानांवर बोलतात.

एखादं उदाहरण द्या ना, ज्यात कुणाचा दबाव नव्हता आणि तरी सगळे एकाच बाजूने बोलत होते.

कांदा. मी नाशिक जिल्ह्याच्या जवळ राहतो, म्हणून हे उदाहरण मला रोज दिसतं.

कांदा महागला की मथळा ठरलेला असतो, ‘कांदा रडवणार’. फोटो शहरातल्या भाजीवाल्याचा, प्रतिक्रिया दोन गृहिणींच्या, भाव किलोत. कांदा गडगडला की बातमी जिल्ह्याच्या पानावर जाते. फोटो रस्त्यावर ओतलेल्या कांद्याचा आणि भाव क्विंटलमध्ये. ही किलो-क्विंटलची गोष्ट छोटी वाटते, पण नीट पाहा. शहरातल्या वाचकाला क्विंटलचा भाव लगेच समजत नाही. सातशे रुपये क्विंटल म्हणजे सात रुपये किलो, हा भागाकार बातमीत करून दिलेला नसतो. तो करून दिला असता तर वाचकाने आपल्या कोपऱ्यावरचा भाव आठवला असता आणि मधले पैसे कुठे गेले हे विचारलं असतं.

19 ऑगस्ट 2023 ला केंद्र सरकारने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले. 8 डिसेंबर 2023 पासून निर्यातच बंद झाली. त्या आठवड्यातल्या बातम्या आठवून बघा. ‘सामान्यांना दिलासा’, ‘भाव आटोक्यात’. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा, आणि लाल कांदा टिकत नाही. उन्हाळ कांदा कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, चार-सहा महिने ठेवता येतो, थोडा सडतो, वजनाला घटतो, पण थांबता येतं. लाल कांदा काढला की विकावाच लागतो. म्हणजे ज्या मालाला थांबायची सोयच नाही, नेमका तो माल बाजारात असताना निर्यात थांबली. लासलगावात ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या कुठल्याही माणसाने हे दोन वाक्यांत सांगितलं असतं. बातम्यांत मात्र ‘दर नियंत्रणासाठी सरकारचं पाऊल’ एवढंच होतं. ते खरंच होतं, पण फक्त गिऱ्हाइकाच्या बाजूने.

शहरातली गृहिणी चूक होती असं मला म्हणायचं नाही. महिन्याचं बजेट तिलाही सांभाळायचं असतं. पण ज्याच्या ट्रॅक्टरमधला माल पडून होता, तो ‘सामान्य’ या शब्दात बसलाच नाही. सामान्य म्हणजे विकत घेणारा, हे मराठी बातमीदारीने कधी ठरवलं आणि कुणी ठरवलं? कुणीच नाही. पेपर शहरात खपतो, जाहिरात शहरातल्या वाचकासाठी येते, डेस्कवरचा माणूसही कांदा विकतच घेतो. म्हणून तो शब्द आपोआप तसा वापरला गेला.

4 मे 2024 ला निर्यातबंदी उठली, तीही टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. जूनमध्ये लोकसभेचे निकाल लागले. दिंडोरी आणि नाशिक या दोन्ही जागा सत्ताधारी आघाडीच्या हातून गेल्या, आणि एकाएकी सगळ्या स्टुडिओंत कांद्यावर बोलणारे तज्ज्ञ आले. निकालाच्या दिवशी शेतकऱ्याचा राग मतांमध्ये मोजता आला, म्हणून तो बातमी झाला. हा राग डिसेंबरातही तेवढाच होता.

टीव्हीवर तर रोज भांडणं असतात. विरोधी मत नाही असं कसं म्हणता?

भांडण असतं, हे खरं. पण कशावर भांडायचं हे दुपारीच ठरलेलं असतं. पॅनलवर दोन-तीन पक्षांचे प्रवक्ते, एक ‘राजकीय विश्लेषक’, एखादा निवृत्त अधिकारी. विषय बहुतेक वेळा सकाळी कुणीतरी माइकसमोर केलेलं एक विधान. त्याची बाइट दुसऱ्या पक्षाच्या नेत्याला ऐकवायची, त्याची प्रतिक्रिया घ्यायची, ती पुन्हा पहिल्याला ऐकवायची. संध्याकाळपर्यंत दोघे लाल झालेले असतात आणि प्रेक्षकाला वाटतं की दोन्ही बाजू ऐकल्या.

खरं वेगळं मत असं म्हणालं असतं की आजचा विषय हा नाहीच, जिल्हा परिषदेच्या शाळा बंद होत आहेत, त्यावर बोला. असं म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलावलं जात नाही. अँकर वाईट असतात असं नाही. असा पाहुणा कार्यक्रम चालू देत नाही, एवढंच त्याचं कारण. शिवाय टीआरपी आहे. 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा नोंदवला तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच कळलं की देशभराची आवडनिवड 44,000 च्या आसपास घरांतल्या मीटरवरून मोजली जात होती. त्या घरांत आवाज चढला की आकडा चढतो, अशी समजूत एकदा बसली की प्रत्येक वाहिनी आवाज चढवते.

मालक मोठे उद्योगपती झाले म्हणून हे झालं का?

काही प्रमाणात, हो. रिलायन्सने 2014 मध्ये नेटवर्क18 ताब्यात घेतलं, त्यात मराठी वाहिनीही होती. अदानी समूहाने डिसेंबर 2022 मध्ये एनडीटीव्हीवर ताबा मिळवला. ज्या उद्योगाचं बंदर, वीज, फोन, किराणा सगळीकडे काम आहे, त्याच्या न्यूजरूममध्ये त्या सगळ्या विषयांवर लिहिताना हात थोडा आखडणारच. त्यासाठी सूचना लागत नाही.

पण जिल्ह्यात राहणाऱ्या वाचकाने अंबानी-अदानींवर थांबू नये. आपल्या भागातल्या दैनिकाला वर्षभर जाहिराती कोण देतं ते मोजा. साखर कारखाना, पतसंस्था, शिक्षणसंस्था, बिल्डर, आणि नेत्यांचे वाढदिवस. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी म्हणजे जिल्हा आवृत्तीचा हंगाम असतो. कार्यकर्त्यांकडून जाहिराती गोळा करायचं टार्गेट बातमीदारालाच दिलेलं असतं. ज्याच्याकडून त्याने मार्चमध्ये अर्धं पान आणलं, त्याच्या कारखान्याने एफआरपी, म्हणजे उसाचा कायद्याने ठरलेला किमान दर, थकवली ही बातमी त्याने एप्रिलमध्ये कशी द्यायची? वर सरकारी जाहिराती आहेतच. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, जाहिरात देणारा हात आणि ज्याच्यावर लिहायचं तो हात एकच असतो.

कायद्याने मोठ्यांना आवर घालणंही सोपं नाही. 1960 मध्ये केंद्राने पेपरची किंमत आणि पानांची संख्या बांधून देणारा आदेश काढला होता. लहान पेपर टिकावेत हा हेतू सांगितला गेला. पुण्याच्या ‘सकाळ’ने त्याला आव्हान दिलं आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश घटनाबाह्य ठरवला. मला तो निकाल बरोबर वाटतो. पानं किती असावीत हे सरकार ठरवू लागलं की पानांवर काय असावं हेही फार लांब राहत नाही.

एकच मजकूर वेगवेगळ्या पेपरांत, असं खरंच घडलंय का?

घडलंय, आणि महाराष्ट्रातच. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्र्यांचं कौतुक करणारा एक लेख एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखा छापून आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केलं. पैसे घेऊन बातमी छापण्याच्या प्रकारांवर देशभर गदारोळ झाला आणि प्रेस कौन्सिलने दोन सदस्यांची समिती नेमली. परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी 2010 मध्ये सविस्तर अहवाल दिला, नावांसकट. कौन्सिलने तो दाबला आणि थोडक्यात गोषवारा दिला. पूर्ण अहवाल 2011 मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर लोकांसमोर आला. मुख्यमंत्र्यांनी आरोप नाकारले होते आणि त्यांच्याविरुद्धचा निवडणूक आयोगाचा आदेश 2014 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला, हेही सांगितलं पाहिजे.

मला त्यातली सगळ्यात दुखरी गोष्ट वेगळीच वाटते. तो लेख शेजारी शेजारी ठेवून कुठल्याही वाचकाला ओळखता आला असता. पण घरी एकच पेपर येतो.

आणीबाणीत यापेक्षा वाईट होतं ना?

होतं. जून 1975 मध्ये सेन्सॉरशिप आली, दिल्लीत छापखान्यांची वीज तोडली गेली. 1976 मध्ये चार वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ नावाची एकच संस्था केली, ती 1978 मध्ये मोडली. पण त्या काळातला मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल मला फार जवळचा आहे. मिनू मसानी ‘फ्रीडम फर्स्ट’ नावाचं छोटं इंग्रजी मासिक मुंबईतून काढत. सेन्सॉरने त्यांचे लेख अडवले, ते न्यायालयात गेले. 1976 मध्ये, म्हणजे आणीबाणी चालू असतानाच, न्यायमूर्ती मादन आणि कानिया यांनी सांगितलं की सगळ्या वृत्तपत्रांना एकाच वाऱ्याप्रमाणे शिडं फिरवायला लावणं, एका रांगेत चालवणं आणि एका सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नाही. त्या वेळी शिडं फिरवणारा कोण हे निदान दिसत होतं आणि त्याला कोर्टात खेचता येत होतं. सवयीला कुठल्या कोर्टात खेचायचं?

पूर्वीची मराठी वृत्तपत्रं तरी वेगवेगळं बोलायची का?

एकेकटं वृत्तपत्र नाही, पण सगळी मिळून पाहिली तर वेगवेगळं बोलायची. आगरकर ‘केसरी’चे पहिले संपादक. समाजसुधारणेवरून टिळकांशी पटेना, 1887 मध्ये ते बाहेर पडले आणि 1888 मध्ये ‘सुधारक’ काढला. त्याआधी 1877 मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ सुरू केला, कारण शेतकऱ्याचं, बहुजनांचं म्हणणं पुण्याच्या पत्रांत येत नव्हतं. 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. ज्या पत्राने इंग्रजांच्या विरोधात तुरुंग पत्करला, त्याच पत्राला हा आवाज ऐकायचा नव्हता. म्हणून सत्तेच्या विरोधात लिहिणारा पेपर मिळाला की काम संपलं, असं समजू नका. त्याच्या अंगणात कुणाला येऊ दिलं जात नाही तेही बघा.

आता तर सगळ्या समाजाचे लोक पत्रकार आहेत.

बातमीदार आहेत, निर्णय घेणारे किती? ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलॉण्ड्री यांनी 2019 मध्ये केलेल्या पाहणीत 121 वरिष्ठ पदांपैकी 106 पदांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींमधलं एकही नव्हतं. ही पाहणी इंग्रजी-हिंदी माध्यमांवर होती. आपल्या पेपरच्या प्रिंटलाइनमधली, म्हणजे संपादक-प्रकाशकांची माहिती देणाऱ्या बारीक ओळीतली, नावं आपण स्वतः वाचू शकतो.

उलटं मत हवं म्हणजे कुणाचंही काहीही छापायचं का?

नाही. लस घेऊ नका सांगणाऱ्याला डॉक्टरच्या शेजारी बसवलं म्हणजे समतोल झाला असं होत नाही. वस्तुस्थितीवर एकमत असेल तर सगळीकडे एकच बातमी असणं योग्यच आहे. माझी तक्रार वस्तुस्थिती तपासण्याआधीच झालेल्या एकमताबद्दल आहे.

2020 ची तबलिगींची बातमी घ्या. आठवडेच्या आठवडे एकच सूर होता, कोरोना त्यांनीच पसरवला. 21 ऑगस्ट 2020 ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांनी त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार केल्याचं नोंदवलं. त्याच निकालात दुसऱ्या न्यायमूर्तींनी, निकाल मान्य पण काही निरीक्षणं मान्य नाहीत, असंही लिहिलं. दोन माणसांच्या खंडपीठाला मतभेद नोंदवायला जागा सापडली. डझनभर वाहिन्यांना सहा महिन्यांत सापडली नाही.

रेडिओचं काय?

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही. दिल्या तर आकाशवाणीच्या, जशाच्या तशा. गावात पेपर पोचत नाही तिथे रेडिओ पोचतो, म्हणून ही बंदी मला फार खटकते.

यूट्यूबवर तर सगळं मिळतं आता.

मिळतं, आणि काही जण उत्तम काम करतात. पण तिथेही दहापैकी आठ चॅनल टीव्हीवरच्या त्याच विषयावर बोलतात, फक्त बाजू वेगळी. बाजार समितीत, वाडीवर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात जाऊन तासभर बसायला पेट्रोल लागतं, वेळ लागतो. तो खर्च कोण करतंय ते बघून वर्गणी द्या.

वाचकाने करायचं तरी काय?

एखादी मोठी बातमी घ्या आणि तिच्यात कोण कोण बोललंय त्यांची नावं पेन्सिलने गोल करा. मंत्री, अधिकारी, प्रवक्ता, तज्ज्ञ. मग विचारा, हा निर्णय ज्याच्या अंगावर पडणार तो यात आहे का? कॉलेजातल्या मुलांकडून मी हे करून घेतो. धरणाच्या बातमीत विस्थापित नसतो, एसटीच्या बातमीत कंडक्टर नसतो. मुलं पहिल्या दहा मिनिटांत हसतात, नंतर गप्प होतात.

वाचनालयात बसून आठवड्यातून एकदा तीन पेपर शेजारी ठेवा, त्यातला एक दुसऱ्या जिल्ह्याचा. कोल्हापूरचा माणूस ऊसदराबद्दल जे वाचतो ते मुंबईच्या आवृत्तीत नसतं.

संपादकांना पत्र लिहून काही होतं का?

डेस्कवर असताना आमच्याकडे येवल्याकडच्या एका आजोबांची पोस्टकार्डं यायची. अक्षर बारीक, शेवटी नेहमी त्या दिवशीचा कांद्याचा भाव, क्विंटलमध्ये आणि कंसात किलोमध्ये. तीन-चार पत्रं आम्ही छापली, बाकीची जागेअभावी राहिली. पण त्या कंसाची मला सवय लागली. पुढे बाजारभावाची चौकट माझ्याकडे आली तेव्हा मी दोन्ही भाव द्यायला सुरुवात केली. ती चौकट अजून तशीच येते.